घरात नट निघाला तर

सुरुवातीलाच सांगतो, मी नट नाही. सांगलीतल्या एका हौशी नाट्यमंडळात तीसेक वर्षं प्रॉम्प्टर होतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, बोट ओळीवर. तिथून नटाचा चेहरा फारसा दिसत नाही, पाठ दिसते. प्रेक्षागृह हसत असतं तेव्हा त्या पाठीवरचा सदरा घामानं चिकटलेला असतो. तेवढ्या अनुभवावर बोलतोय.

निमित्त झालं पुतणीचं. तिला मुंबईत एका नव्या विनोदी मालिकेत काम मिळालं. शेजारणीचं काम. दर भागात येते, साखर मागते आणि भांडण लावून जाते. त्या रात्री भावाचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कुणी आजारी पडलंय.

"दादा, पोरगी नोकरी सोडते म्हणते. काय करू?"

त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. कारण असा फोन आता कुठल्याही घरातून जाऊ शकतो. पूर्वी नट व्हायची हौस पुण्या-मुंबईच्या घरांत जास्त दिसायची. आता जतला निघतात, मालवणला निघतात, म्हापशाला निघतात. मोबाइलवर स्वतःचं चित्रीकरण करून पाठवलं, की झाली निवडचाचणी.

पहिल्या रात्री काही ठरवू नका. ओरडू नका आणि पेढेही वाटू नका. जेवायला वाढा. मग शांतपणे विचारा, मालिका कोण काढतंय? काम किती दिवसांचं? पैसे किती, आणि हातात कधी? पोराकडं उत्तरं नसतील तर चिडू नका. आनंदाच्या भरात त्यानं विचारलेलंच नसतं. दुसऱ्या दिवशी त्याला विचारायला लावा. विचारलं म्हणून काम जात नाही. ज्या कामात एवढं विचारलं की माणसं रागावतात, ते काम गेलेलं बरं.

आणि "यानं पोट भरतं का?" हा प्रश्न त्या रात्री गिळून टाका. तो बरोबर आहे, पण वेळ चुकीची आहे. त्याचं उत्तर द्यायला मी एका माणसाची गोष्ट सांगतो. माणूस तुमच्या ओळखीचा आहे.

अशोक सराफ. जन्म ४ जून १९४७, मुंबईचा. लहानपण गेलं चिखलवाडीत. नाव ठेवलं होतं अशोककुमार यांच्यावरून, म्हणजे बारशालाच सिनेमा घरात आला होता. पण खरा संस्कार होता नाटकाचा. मामा गोपीनाथ सावकार रंगभूमीवरचे जाणते नट आणि दिग्दर्शक. भाच्यानं नाटक आधी जवळून पाहिलं, मग केलं. पहिलं व्यावसायिक काम मिळालं ते 'ययाती आणि देवयानी' नाटकात. काम विदूषकाचं. वय तेव्हा कोवळंच होतं.

आता पुढचं नीट वाचा, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. या माणसानं स्टेट बँकेत दहा वर्षं नोकरी केली. दिवसा खातेवह्या, संध्याकाळी नाटक. १९७५ साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला. त्यातल्या सखाराम हवालदारानं अशोक सराफ हे नाव गावोगाव नेलं. अशा यशाच्या आसपासची कित्येक वर्षं बँकेचा पगार चालू होता.

तुमच्या घरातल्या पोराला हे सांगताना टोमणा मारू नका. "बघ, अशोक सराफसुद्धा नोकरी करत होते" असं म्हणालात की संपलं, तो ऐकणार नाही. असं सांगा, की नोकरी होती म्हणून त्यांना कामं निवडता आली. महिनाअखेरीला भाडं भरायचंय म्हणून वाईट काम घ्यावं लागलं नाही. नटाला नाही म्हणता येणं फार महागात पडतं. नोकरी तो खर्च उचलते.

असे पुष्कळ निघतील. चिमणराव-गुंड्याभाऊ मालिकेतले गुंड्याभाऊ, बाळ कर्वे, मुंबई महापालिकेत नोकरीला होते. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी पूर्णवेळ नाटक धरलं ते १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत. आईबापांनो, बेचाळिशीत! तुमचा मुलगा चोविसाव्या वर्षी घाई करतोय म्हणून रागावण्याआधी आणि त्यानं घाई करण्याआधी, दोघांनीही हा आकडा एकदा मोठ्यानं म्हणावा.

म्हणजे नोकरी सोडूच नये का? तसं नाही. मालिकेचं काम महिन्यात वीस-बावीस दिवस असेल तर नोकरी टिकणार नाही, हे मान्य करा. पण शेजारणीसारखं काम महिन्यात आठ-दहा दिवसांचं असतं. अशा वेळी आधी बिनपगारी रजा मागून बघा. अर्धवेळ काम शोधा. घरबसल्या होणारं काम असेल तर धरून ठेवा. पुतणीनं शेवटी तेच केलं. हिशेबाचं काम ती रात्री खोलीवर बसून करते. कुरकुरते, पण करते.

आता विनोदी मालिकेबद्दल थोडं. घरच्यांचा इथं मोठा गैरसमज असतो. "विनोदीच आहे ना, मग सोपं असेल." नातेवाईक तर हटकून म्हणतात. तुम्ही म्हणू नका.

विनोदी मालिका रोजच्या रडक्या मालिकेपेक्षा वेगळी असते. घर तेच, माणसं तीच, त्यांच्या खोडीही त्याच. दर भागात अडचण तेवढी नवी. कंजूष माणूस शेवटपर्यंत कंजूषच राहतो, सुधारला की मालिका संपली. त्यामुळं नटाला एकच स्वभाव शेकडो वेळा करायचा असतो आणि तरी तो शिळा वाटता कामा नये. घरी रोज पोहे करून बघा. आठव्या दिवशी नवरा काय म्हणतो ते कळेल.

अशोक सराफांनाच पुन्हा घ्या. १९९५ साली झी टीव्हीवर 'हम पाँच' आली. एकता कपूर यांच्या बालाजीची मालिका. पाच मुलींचा बाप आनंद माथुर. दुसरी बायको घरात आणि पहिली भिंतीवरच्या तसबिरीत. तसबिरीतली बायको त्याच्याशी बोलते! ते काम प्रिया तेंडुलकरांचं, 'रजनी' मालिकेवाल्या. भिंतीकडं बघून भांडायचं, पाच पोरींच्या कलकलाटात मान तुकवायची आणि तरी बाप वाटायचं. माकड वाटून चालायचं नाही. तेव्हा सराफांचं वय अठ्ठेचाळीस. मागं पंचवीसहून जास्त वर्षांचं नाटक आणि सिनेमा. एवढ्या पुंजीवर तो बाप उभा होता.

नाटक का उपयोगी पडतं ते मला विंगेतून कळलं. नाटकात वाक्य पडलं की हशा येतो. चांगला नट हशा चढू देतो, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. लवकर टाकलं तर वाक्य हशात बुडतं. उशीर केला तर प्रसंग थंड होतो. आमच्या मंडळातला एक पोस्टमास्तर यात इतका तरबेज होता, की त्याचा थांबा किती ते मी वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवायचो. दुसऱ्या प्रयोगाला तो वेगळाच थांबायचा आणि तोही बरोबर निघायचा.

मालिकेच्या चित्रीकरणात हा हशाच नसतो. दिवे लागले की सगळे गप्प. पंखासुद्धा बंद, कारण आवाज ध्वनिमुद्रणात येतो. हसण्याचा आवाज कधी नंतर जोडतात, कधी जोडतही नाहीत. नटानं लोक कुठं हसतील ते मनात धरून थांबायचं. हे मनात धरणं जिवंत प्रेक्षकांपुढं शिकावं लागतं.

म्हणून पोराला काम मिळालं तरी नाटक सोडू देऊ नका. काम मिळालं नसेल तर आधी नाटकातच घाला. आपल्याकडं सोय आहे. महाविद्यालयात असेल तर पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक आहेत. राज्य नाट्य स्पर्धा आहे. शिकायचंच असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. तिथं निवड अवघड असते, पण फी खासगी दुकानांसारखी कंबर मोडणारी नसते. "पंधरा दिवसांत अभिनेता" अशा पाट्यांना पैसे देऊ नका. पंधरा दिवसांत शिवण येत नाही.

एक लहान गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. विजया मेहतांच्या 'हमीदाबाईची कोठी' नाटकात अशोक सराफ आणि नाना पाटेकर बरोबर होते. नानांची तेव्हा ओढाताण होती. नाना स्वतः जाहीर सांगतात, की सराफ त्यांच्याशी पत्ते खेळायचे आणि मुद्दाम हरायचे, म्हणजे नानांच्या हातात चार पैसे पडतील. दिल्याचं दिसायला नको. तुमचं पोर मुंबईत कुणाबरोबर राहतं, कुणाबरोबर जेवतं ते म्हणूनच विचारत जा. वाईट काळात खिशात पैसे घालणारा मित्र त्याला भेटलाय का, आणि तो कुणाचा असा मित्र झालाय का, हे दोन्ही कळायला हवं.

आता डोळ्यांत तेल घालून वाचायचा भाग.

निवडचाचणीला पैसे लागत नाहीत. नोंदणी शुल्क, कार्ड शुल्क, पोशाखाची अनामत, "परत मिळणारी" ठेव, यातलं काहीही मागितलं तरी देऊ नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. माझ्या एका भाच्यानं काही वर्षांपूर्वी छायाचित्रांच्या अल्बमसाठी पंधरा हजार दिले होते. छायाचित्रं आली, छान होती. पैसे घेणाऱ्याचा फोन मात्र पुन्हा लागला नाही. आम्ही त्या मुलाला घरात वर्षभर बोलत राहिलो. तेही चुकलंच. फसवणारा मोकळा सुटला आणि बोलणी खाल्ली फसलेल्यानं.

फोन आला की नाव, संस्था आणि मालिका लिहून घ्या. मग वाहिनीच्या किंवा निर्मितीसंस्थेच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः चौकशी करा. समोरच्यानं दिलेल्या क्रमांकावर नको. मोठ्या वाहिनीचं नाव वापरून फसवणारे पुष्कळ आहेत.

चाचणीसाठी हॉटेलच्या खोलीत, कुणाच्या घरी किंवा रात्री उशिरा बोलावलं तर जाऊ नका. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात अशी कामं उघड्या दारानं, दिवसाउजेडी चालतात. बाहेर रांग असते. रांग कंटाळवाणी असते, पण रांग असणं चांगलं. पहिल्या दोन-चार वेळा घरातलं कुणी तरी बरोबर जा. आत नको, बाहेर चहाच्या टपरीवर बसा. पोराला लाज वाटेल. वाटू दे.

मोबाइलवरून चाचणी पाठवायची असेल तर नाव, वय, उंची, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा आणि दिलेला प्रसंग, एवढंच लागतं. अंगप्रदर्शन मागणारी "चाचणी" म्हणजे चाचणी नव्हे. आधार, पॅन यांच्या प्रती काम पक्कं होऊन करार हातात आल्यावरच द्या, आणि प्रतीवर कशासाठी दिली ते लिहा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथं घेतात. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. लाजून दोन दिवस घालवू नका.

मुलगी असो वा मुलगा, एक गोष्ट घरात उघड बोलून ठेवा. "कामाच्या बदल्यात कुणी काही भलतं मागितलं तर आम्हाला सांग. आम्ही तुला परत बोलावणार नाही." हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. कित्येक मुली घरी सांगत नाहीत ते याच भीतीनं, की सांगितलं तर काम बंद होईल. चित्रीकरणाची जागा ही कामाची जागाच आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं तिथंही तक्रार समिती लागते. ती कोण आहे, ते पहिल्या आठवड्यात विचारून घ्यायला सांगा. चित्रीकरण ठाण्याच्या घोडबंदर रोडला, मढला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत असतं. रात्री सुटल्यावर गाडी कोण देणार, तेही आधीच विचारा.

करार. मराठीत नसला, तर ज्याला कळतो त्याच्याकडून वाचून घ्या. गावातला वकील चालेल. दोन-तीन गोष्टी बघायला सांगा. दुसरीकडं काम करायला बंदी आहे का आणि किती काळ? असेल तर महिन्याला ठरावीक दिवसांचे पैसे पक्के आहेत का? बंदी आहे आणि दिवस पक्के नाहीत, म्हणजे दोरीनं बांधून चारा न घालणं. काम कुणी, किती दिवसांच्या सूचनेनं थांबवू शकतं? चेहरा जाहिरातीत वापरला तर वेगळे पैसे मिळणार का? सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या. "आत्ताच सही कर, नाही तर काम दुसऱ्याला" असं म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा.

पैशांचं गणित मी भावाला कागदावर मांडून दाखवलं. तुम्हीही मांडा. समजा दिवसाचे तीन हजार ठरले आणि महिन्यात दहा दिवस काम झालं. झाले तीस हजार. त्यातून सहसा दहा टक्के कर कापून घेतात, तीन हजार गेले. काम मिळवून देणाऱ्या समन्वयकाचं कमिशन समजा पंधरा टक्के, साडेचार हजार गेले. राहिले साडेबावीस. आणि मालिकांत पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे जूनमध्ये घाम गाळला, हातात पडणार ते गणपतीच्या सुमाराला. मधले तीन महिने खोलीचं भाडं, डबा, लोकल, रिक्षा कुठून?

म्हणून मुंबईला पाठवताना सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. तुम्ही द्या, किंवा पोरानं साठवून जाऊ दे. देणार असाल तर रक्कम आणि मुदत आधी ठरवून सांगा. दर महिन्याला फोनवर रडून मागायची आणि ओरडून द्यायची पाळी दोघांवर येऊ नये.

कापलेला कर बुडाला असं समजू नका. उत्पन्न कमी असेल तर आयकर विवरण भरून तो परत मागता येतो. दरवर्षी विवरण भराच. पुढं घरासाठी कर्ज घ्यायचं झालं तर बँक दोन-तीन वर्षांची विवरणं मागते. नटाला पगारपत्रक नसतं, त्याच्याकडं हाच कागद. आरोग्य विमा पहिल्या कमाईतून. गाडी मात्र पहिल्या कमाईतून नको. मालिका चालली नाही तर काही महिन्यांत गुंडाळतात, हप्ता गुंडाळत नाही.

घरात लहान मूल काम करत असेल तर आणखी सावध. विनोदी मालिकेत चुरुचुरु बोलणारं एक पोर लागतंच, म्हणून हे सांगतो. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांहून जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं घ्यायची. कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. आणि मुलाच्या मनाविरुद्ध काम घेता येत नाही.

हा शेवटचा नियम निर्मात्यापेक्षा आईबापांनी जास्त वाचावा. मूल "आज नको" म्हणालं तर तुम्ही काय करता? उरलेले ऐंशी टक्के कुठं जातात? पोराच्या पैशावर घराचा हप्ता बांधला, की त्याचं "नको" कुणाला ऐकू येत नाही. हे कडू आहे, पण मी बोलणार.

आता शेजारीपाजारी. मालिका सुरू झाली की लोक भूमिकेला आणि माणसाला एक करतात. पुतणी साखर मागते, तर आमच्या वहिनींना भाजीवाली विचारते, "घरी साखर नाही का हो पाठवत?" हसून सोडा. पण मोबाइलवर अनोळखी लोक तिच्या रंगावर, जाडीवर लिहितात, ते तिला वाचून दाखवू नका. "बघ, लोक काय म्हणतात" म्हणून पुढं तर मुळीच पाठवू नका. तिनं ते आधीच वाचलेलं असतं. तुम्हीही वाचलंत हे कळलं, की तिला दुप्पट लागतं.

लग्नकार्यात नटाच्या हातात माइक देऊ नका. "होऊन जाऊ दे एखादा डायलॉग!" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी त्या नटाचा पडलेला चेहराही पाहिलाय. दंतवैद्याला कोणी पंगतीत दाढ काढायला लावत नाही. त्याला जेवू द्या.

काम नसेल तेव्हाचंही आत्ताच ठरवा. ते दिवस येणारच. मालिका संपते आणि पुढची सहा-आठ महिने मिळत नाही. तेव्हा रोज "काय झालं रे पुढं?" विचारू नका. घरी बोलवा. दिवाळीआधी साफसफाईला लावा, दळण आणायला पाठवा. त्याला घरातला माणूस म्हणून वागवा, रिकामा माणूस म्हणून नको. त्या काळात आवाजाचा रियाज, वाचन आणि नाटकाच्या तालमी चालू आहेत का, तेवढं गुपचूप बघा. दिलीप प्रभावळकरांनी आपल्या 'अनुदिनी' या लेखनातून आबा टिपरे उभे केले आणि २००१ च्या सुमाराला 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेत ते आजोबा स्वतः केले. म्हणजे पात्र आधी कागदावर आलं होतं. तुमचं पोर कोपऱ्यात बसून काही खरडत असेल तर खरडू द्या.

आणि वयाची घाई तर अजिबात नको. २०२४ च्या नोव्हेंबरात कलर्स मराठीवर 'अशोक मा.मा.' सुरू झाली. सगळी मराठी चित्रसृष्टी सराफांना मामा म्हणते, मालिकेचं नाव त्याच शब्दाशी खेळतं. भूमिका शिस्तखोर, काटकसरी आजोबांची. नटाचं वय सत्त्याहत्तर. त्यानंतर दोनच महिन्यांनी पद्मश्री जाहीर झाली, महाराष्ट्रभूषण त्याच्या आधीच मिळालं होतं. विदूषकापासून आजोबापर्यंत साठेक वर्षं गेली. आमचा भाऊ पुतणीला विचारत होता, "दोन वर्षांत नाव झालं नाही तर परत येशील ना?" मी त्याला म्हटलं, दोन वर्षांनी पैशांचा हिशेब माग, नावाचा मागू नकोस.

राहता राहिला पहिला भाग. तो लागेल त्या दिवशी सगळ्या आळीला बोलवू नका. दहा माणसांत ती धड बसणार नाही, तुम्हीही धड बघणार नाही. घरची चार माणसं पुरेत. ती मुंबईत असेल तर बघून झाल्यावर लगेच फोन करा. ती हातात मोबाइल धरूनच बसलेली असते.

"छान झालं" एवढंच म्हणून ठेवू नका. त्यातून तिला काही मिळत नाही. आई कुठल्या वाक्याला हसली ते सांगा. बाबा कुठं हसले नाहीत तेही सांगा. आणि जेवलीस का, ते विचारा. आमच्या वहिनींनी त्या रात्री उलट केलं, जेवणाचं आधी विचारलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्यांदा साखर मागताना तू जरा थांबलीस ना दारात, तिथं हसू आलं बघ."

पुतणी म्हणाली, "काकांना सांग. तो थांबा मी मोजून घेतला होता."